डबाभर भडंग

सांगलीत कुणाच्या घरी न कळवता गेलं, तरी दोन मिनिटांत पुढ्यात भडंगाची वाटी येते. चहा मागाहून. यजमानांची धावपळ होत नाही, पाहुण्याला अवघडल्यासारखं होत नाही, आणि पहिला बकाणा भरेपर्यंत गप्पा सुरूही झालेल्या असतात. आनंद अवचित भेटावा अशी बहुतेकांची अपेक्षा असते. इथल्या घरांना तो आधीच करून डब्यात भरून ठेवायची सवय आहे. पंधरवड्यातून एकदा तासभर काढायचा, बस्स. पाकिटातलं भडंग गावात हवं तेवढं मिळतं आणि चांगलं मिळतं, पण ते करतानाची मजा पाकिटात नसते.

सगळी भिस्त चुरमुऱ्यांवर. भडंगाला जाड, टपोरे लागतात. बारीक घेतले तर तेल पडताच बसतात. तांदूळ उकडून, मिठाचं पाणी लावून, तापलेल्या वाळूत भाजला की तो क्षणात फुगतो आणि आतून पोकळ, जाळीदार होतो. कुरकुरीतपणा या जाळीचाच, आणि हवेतली ओल ओढून घेण्याचा अवगुणही तिचाच. म्हणून दुकानातून आणलेले चुरमुरे कितीही ताजे असोत, तसेच वापरायचे नाहीत. आधी चाळून बारीक रेती काढायची, मग परातीत पसरून तास-दोन तास उन्हात. ऊन नसेल तर जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, सहा-सात मिनिटं हलवत राहायचं. एक दाणा चिमटीत धरून दाबावा. कट्‌ आवाज करून भुगा झाला तर तयार. चपटा होऊन बोटाला चिकटला तर अजून वेळ आहे. हा आवाज ऐकायला घरातली लहान मुलं हमखास हजर असतात आणि दहा-बारा दाणे उगाचच तपासले जातात. जाऊ द्यावेत.

पाव किलो चुरमुऱ्यांना पाच-सहा मोठे चमचे शेंगतेल, वाटीभर शेंगदाणे, एक मोठी गड्डी लसूण, कढीपत्त्याच्या तीन-चार डहाळ्या, अर्धा चमचा हळद, दोन चमचे तिखट, दोन चमचे धने-जिरे पूड, दोन मोठे चमचे पिठीसाखर आणि अंदाजानं मीठ. मिठाचा हात आखडता, कारण चुरमुरे मुळातच खारट असतात. हळद हवी तेवढी चांगली मिळते, सांगली तिचीच पेठ. तरी अर्ध्या चमच्याच्या पुढे जाऊ नये, कडवट लागते. कांदा-लसूण चटणी घालायचा मोह काहींना होतो. ती चटणी जाडसर आणि तेलकट, गोळ्या धरते. तिची जागा भाकरीशेजारीच.

कढीपत्ता धुवायचा असेल तर आदल्या रात्री धुऊन फडक्यावर पसरावा. ओला पाला तेलात पडला की तडतडतो ते सोडा, त्याची ओल पुढे सगळ्या डब्याला भोवते. लसूण सालासकट ठेचायचा, वाटायचा नाही. तेल बेताचं तापवून आधी शेंगदाणे. त्यांना हवा तो रंग यायच्या काकणभर आधीच झाऱ्यानं काढावेत, कारण बाहेर काढल्यावरही ते आपल्याच उष्णतेनं भाजत राहतात; कढईत छान दिसले म्हणजे ताटात करपलेच. मग आच कमी करून लसूण. इथे घाई करणाऱ्याचं भडंग चौथ्या दिवशी मऊ पडतं. बाहेरून लाल झालेला लसूण आतून ओलाच असतो, आणि ती ओल चुरमुरे पितात. बुडबुडे थांबेस्तोवर धीर धरावा. लसूण बदामी होऊ लागला की वास माजघर ओलांडून अंगणात जातो, आणि मग कुणाला पाणी प्यायचं असतं, कुणाला चष्मा शोधायचा असतो. स्वयंपाकघरात गर्दी जमायची हीच वेळ.

कढीपत्ता कुरकुरीत झाला की गॅस बंद. मिनिटभर थांबून हळद, तिखट आणि धने-जिरे पूड. तेल फार तापलेलं असेल तर तिखट काळवंडतं आणि घरभर ठसका उठतो; अगदी निवलं असेल तर तिखटाचा कच्चा वास राहतो. हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो, म्हणूनच ती चुरमुऱ्यांवर वरून भुरभुरून भागत नाही. मीठ-साखरेचं नेमकं उलटं. ती तेलात विरघळत नाहीत, तळाला जाऊन बसतात. दोन्ही एकत्र बारीक करून, कोमट चुरमुऱ्यांवर फोडणी घातल्यावर, वरून पेरावीत. कालवायचं ते खालून वर, दोन्ही हातांनी. चमच्यानं घुसळलं की अर्ध्याचा भुगा होतो.

मग ‘मीठ बघ जरा’. एका घरात चार माणसं असतील तर चार निवाडे होतात: एकाला गोड कमी, एकाला तिखट जास्त, एकाला दाणे दिसतच नाहीत, आणि चौथा काही न बोलता दुसरी मूठ भरतो. निवाडा होईपर्यंत दोन वाट्या संपलेल्या असतात. त्या हिशेबानंच जास्तीचं करावं.

गरम असताना डब्यात भरणं ही सर्रास होणारी चूक. झाकणाला आतून वाफ धरते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावं. पंधरा-वीस दिवस छान राहतं. काढून घ्यायला कोरडा चमचा, ओला हात घालणाऱ्यावर घरात लक्ष ठेवावं लागतं. कांदा, कोथिंबीर, लिंबू वाटीत घेतल्यावरच. मिठानं कांद्याला पाणी सुटतं, त्यामुळे ती वाटी पाच मिनिटांत संपवायची असते. अर्थात ही काही शिक्षा नव्हे.

खरी परीक्षा पावसाळ्यात. कृष्णा चढायला लागली की सांगलीत सगळ्यांचे कान आयर्विन पुलाच्या पाणीपातळीकडे असतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ. अशा दमट दिवसांत मोठा डबा वरचेवर उघडू नये. आठवड्यापुरतं लहान डब्यात काढून घ्यावं. तरी सादळलंच तर कढई कोमट करून चार-पाच मिनिटं मंद आचेवर परतावं, पण आच वाढवू नये, साखर आणि तिखट आधी करपतं.

तळाशी उरतो तो चुरा: मोडके दाणे, लसणाचे कण, तिखट-मीठ आणि चुरमुऱ्यांचा भुगा. डबा धुवायला टाकण्याआधी तो ताज्या दह्यात कालवून ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर खावा. वाटणी करायला बसलात तर कुणाच्याच वाट्याला पुरेसा येत नाही, म्हणून ज्यानं डबा संपवला त्यालाच तो द्यायचा, असा काही घरांत रिवाज आहे.