मागे राहिलेली चप्पल

परळ स्टेशनचा पूल चढताना माझ्या सात वर्षांच्या मुलाची डावी चप्पल तीन पायऱ्या मागे राहिली आणि त्याला ते कळलेच नाही. बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की त्याचा झोक जातो, हे मी त्याआधी पाहिले होते. झोप पुरी झाली नसेल, असे समजून सोडून दिले होते.

तो आठ महिन्यांचा असताना आतड्यात आतडे शिरून अडकले आणि लहान आतड्याचा काळा पडलेला शेवटचा भाग कापून काढावा लागला. बी-१२ जीवनसत्त्व नेमके याच भागातून शोषले जाते. मात्र यकृतात त्याचा साठा असल्याने तुटवडा पुष्कळदा काही वर्षांनी जाणवतो, आणि तोवर ऑपरेशन घरच्यांच्याही विस्मरणात गेलेले असते. आमच्या डिस्चार्ज कार्डावर टाक्यांची काळजी कशी घ्यावी ते सविस्तर लिहिले होते, बी-१२ चा मात्र उल्लेख नव्हता. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मेंदूविकारतज्ज्ञांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की थरथरत राहणारा धातूचा काटा, त्याच्या घोट्यावर टेकवला. “थरथर थांबली की सांग हं, बाळा.” “थांबली,” तो लगेच म्हणाला. डॉक्टरांनी तोच फोर्क माझ्या घोट्यावर ठेवला. तो चांगलाच थरथरत होता.

हिमोग्लोबिन उत्तम होते, कारण वर्षभर त्याला लोह आणि फॉलिक ॲसिडचे सिरप चालू होते. फॉलिक ॲसिडने रक्त सुधारते, पण बी-१२ अभावी नसांची आणि मज्जारज्जूची झीज आतल्या आत चालूच राहते. (ज्या शोधातून पुढे फॉलिक ॲसिड हाती आले, तो ब्रिटिश संशोधक ल्युसी विल्स यांनी १९२८ नंतर याच मुंबईत, गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयावर काम करताना लावला होता.) पित्तक्षारही आतड्याच्या त्याच भागातून परत शोषले जातात आणि तो भाग काढल्यावर स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत, म्हणून त्यांच्यासोबत शोषले जाणारे ई जीवनसत्त्वही तपासले, कारण त्याच्या अभावीही तोल जातो. ते सुदैवाने पुरेसे निघाले.

ज्यांच्या मुलांचे असे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी कृपया जुने कागद काढून आतड्याचा कोणता भाग आणि किती काढला ते डॉक्टरांना दाखवावे, आणि हिमोग्लोबिन चांगले असले तरी बी-१२ ची तपासणी मागून घ्यावी.

आता त्याला बी-१२ ची इंजेक्शने चालू आहेत, म्हणजे आतड्यावर भिस्त ठेवावी लागत नाही. गेल्या खेपेला फोर्क घोट्यावर ठेवल्यावर तो बराच वेळ काहीच बोलला नाही, आणि मी श्वास रोखून मनातल्या मनात आकडे मोजत राहिले.