क्लोजरची मांडणी बदलताना

इंदूर, रविवार

रामबागेतल्या आमच्या रविवारच्या मंडळीत आज हाच विषय निघाला: क्लोजर, म्हणजे बाहेरच्या फंक्शनची व्हेरिएबल्स धरून ठेवणारं आतलं फंक्शन, कंपायलरने मेमरीत कसं मांडायचं. म्हणून नीट टिपून ठेवतोय.

जुन्या कंपायलरमध्ये बहुधा साखळी असते: प्रत्येक फंक्शनची एक फ्रेम (त्याची व्हेरिएबल्स ठेवायची जागा) आणि तिच्यात बाहेरच्या फ्रेमचा पॉइंटर, म्हणजे पत्ता. तीन पातळ्या बाहेरचं व्हेरिएबल हवं, तर तीन उड्या. उड्यांचं एवढं काही नाही, खरं दुखणं मेमरीचं. क्लोजरला हवा असतो एक आकडा, पण त्याच फ्रेममध्ये दहा लाख घटकांचा ॲरे असेल तर क्लोजर जिवंत असेपर्यंत तोही अडकून राहतो.

त्याऐवजी सपाट मांडणी करायची: प्रत्येक क्लोजरमध्ये हेडर (मेमरी सांभाळण्यासाठीची माहिती), कोडचा पॉइंटर आणि धरलेल्या व्हेरिएबल्सना लागतील तेवढेच कप्पे. तीन व्हेरिएबल्स धरली तर 64 बिटच्या मशीनवर साधारण 40 बाइट.

मात्र इथे व्हॅल्यूची नक्कल होते, आणि गोची तिथेच. समजा शून्यापासून सुरू होणाऱ्या ‘गल्ला’ या व्हेरिएबलवर दोन क्लोजर आहेत: एक त्यात भर घालतं, दुसरं शिल्लक दाखवतं. नुसती नक्कल केली तर दुसरं कायम शून्यच दाखवणार. म्हणून कप्पे पाडायच्या आधी वेगळा पास (सगळ्या कोडवरून एक फेरी) हवा: जे व्हेरिएबल क्लोजरने धरलंय आणि शिवाय ज्याची व्हॅल्यू पुढे बदलते, तेवढंच हीपवरच्या (फंक्शन संपल्यावरही टिकणाऱ्या मेमरीतल्या) बॉक्समध्ये टाकायचं. मग नक्कल होते ती बॉक्सच्या पॉइंटरची. सरसकट सगळं बॉक्समध्ये घालणं हा आळस आहे, वेग त्यातच जातो.

लूपमध्ये बॉक्स कुठे तयार होतो, ते भाषेच्या नियमावर. गो भाषेने 2024 साली 1.22 आवृत्तीत हा नियमच बदलला. आता फॉर लूपच्या ओळीतच जाहीर केलेलं व्हेरिएबल दर फेरीला नवं.

मुक्त व्हेरिएबल्सची, म्हणजे फंक्शन वापरतं पण जी बाहेर जाहीर झालेली असतात त्यांची, मोजणी आतून बाहेर करायची. मधलं फंक्शन स्वतः ‘गल्ला’ वापरत नसलं तरी आतल्यासाठी त्याला तो वाहून न्यावाच लागतो.

एकमेकांना बोलावणारी ‘सम’ आणि ‘विषम’ यांसारखी फंक्शन्स असतील तर दोघांची जागा आधी घ्यावी, कप्पे नंतर भरावेत. दुसऱ्याची जागा घेताना गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) चालू शकतो, त्यामुळे पहिल्याचे कप्पे तोवर नल, म्हणजे रिकामे, करून ठेवायचे. कप्प्यांत जुना कचरा राहिला तर प्रोग्रॅम कधीतरीच कोसळतो आणि कारण काही केल्या सापडत नाही.

मशीन कोड तयार करणाऱ्या कोड जनरेटरला हात शेवटी. त्याआधी इंटरमीजिएट कोडवर (कंपायलरच्या आतल्या मधल्या रूपावर) तपासणी बसवायची: एका जरी फंक्शनमध्ये मुक्त व्हेरिएबल उरलेलं दिसलं, की कंपायलरने तिथेच थांबायचं.