मार्चच्या सुट्टीत लुआंग प्रबांगची स्लो बोट: निघायच्या आधी हे वाचा

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. थायलंडमध्ये शाळेत इंग्रजी शिकवत असाल आणि मार्चमध्ये मोठी सुट्टी लागली म्हणून मेकाँगवरून दोन दिवसांच्या स्लो बोटीने लाओसला, लुआंग प्रबांग शहरात जायचं डोक्यात असेल तर नका जाऊ. ऑक्टोबरच्या सुट्टीत जा. बोट तीच, नदी तीच, पण मार्चमध्ये धुरामुळे ती नदी दिसतच नाही. आणि हे मला एकानेही सांगितलं नाही, एजंटने तर नाहीच पण आधी जाऊन आलेल्या लोकांनीही नाही, कारण ते सगळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जाऊन आलेले आणि फोटो दाखवताना महिना कोण सांगतो.

ज्यांना इथलं गणित माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थाई शाळा मेच्या मध्याला सुरू होतात, ऑक्टोबरमध्ये तीनेक आठवडे सुट्टी, मग नोव्हेंबर ते मार्चचा मध्य दुसरं सत्र, आणि मग मेपर्यंत बंद. ऐकायला दोन महिने सुट्टी वाटते पण एजन्सीमार्फत लागलेल्या बऱ्याच परदेशी शिक्षकांचं काँट्रॅक्ट दहाच महिन्यांचं असतं, म्हणजे एप्रिलचा पगार नाही, आणि ज्यांना बारा महिने पगार आहे त्यांना मार्चअखेरपर्यंत रिकाम्या शाळेत ऑफिसमध्ये बसवून ठेवतात नाहीतर समर कँप गळ्यात मारतात. त्यात आपला पासपोर्ट भारतीय, म्हणजे कागदोपत्री आपण नेटिव्ह स्पीकर नाही, फिलिपिनो सहकाऱ्यांसारखाच आपलाही पगार गोऱ्यांपेक्षा कमी. त्यामुळे विमान परवडत नाही असं नाही, पण बसने आणि बोटीने गेलं तर चार पैसे वाचतात म्हणून आपल्यातले बहुतेक जण हाच रस्ता धरतात. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आता धूर. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तर थायलंड, उत्तर लाओस आणि म्यानमारचा डोंगराळ भाग जळत असतो. मक्याची धाटं जाळतात, डोंगरउतारावर शेतीसाठी रान साफ करून पेटवतात, जंगलातले वणवे वेगळेच. आमच्याकडे संगमेश्वरात पावसाच्या आधी राब भाजतात तो धूर मी लहानपणापासून बघितलाय, सकाळी असतो आणि दुपारच्या वाऱ्याने जातो. इथे तसं होत नाही. वारा पडलेला असतो, दऱ्यांवर गरम हवेचं झाकण बसतं आणि धूर खालीच कोंडून राहतो, पाऊस येईपर्यंत. उत्तर थायलंडमधल्या चियांग राईला मी उतरले तेव्हाच घसा खवखवायला लागला होता, ॲपवर एक्यूआय दोनशेच्या वर. एजंट म्हणाला हा थायलंडचा धूर, नदी ओलांडली की स्वच्छ. सरळ सरळ खोटं. धुराला कुठला पासपोर्ट लागतो, पलीकडे तर जास्तच होता.

एजंटचं पॅकेज काय होतं तेही सांगते म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल: चियांग राईहून व्हॅन, सीमेवर 'व्हिसा मदत', बोटीचं तिकीट 'पुढच्या रिझर्व्ह सीटसकट', बोट रात्री जिथे थांबते त्या पाक बेंग गावात खोली. शाळेतले सगळे असंच करतात म्हणून केलं. नदीपलीकडे लाओसच्या घाटावर खिडकीवर बोटीच्या तिकिटाचा दर लिहिलेला होता आणि तो बघून डोकं फिरलं, कारण पॅकेजमध्ये त्याच तिकिटाचे जवळजवळ दुप्पट लावले होते. रिझर्व्ह सीट म्हणजे काय तर तिकिटावर पेनाने लिहिलेला आकडा, जो बोटीत कुणीही बघत नाही, जो आधी येईल तो पुढे बसतो. व्हिसा मदत म्हणजे एक माणूस सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करायला येतो, फॉर्म भरतो आणि खिडकीवर देतो. मी माझा दिला नाही, स्वतः रांगेत उभी राहिले, अर्ध्या तासाच्या आत काम झालं. पासपोर्ट कुणाच्याही हातात देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.

स्वतः कसं जायचं ते असं. चियांग राईच्या जुन्या, गावातल्या बसस्थानकावरून सीमेवरच्या चियांग खोंग गावाची साधी लाल बस पहाटेपासून सुटते, अडीच तासांच्या आसपास लागतात. त्याच दिवशीची बोट गाठायची असेल तर पहिलीच धरा नाहीतर आदल्या दिवशी चियांग खोंगला मुक्काम करा, ते जास्त चांगलं. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा की पुलाच्या फाट्यावर उतरायचंय, तिथून टुकटुकने चेकपोस्ट. हा फ्रेंडशिप ब्रिज नंबर 4, 2013 साली सुरू झालेला, यावरून चालत जाता येत नाही, शटल बसचं किरकोळ तिकीट काढावंच लागतं. पलीकडे भारतीयांना व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, एक फोटो आणि पासपोर्टमध्ये कोरं पान ठेवा आणि फी डॉलरमध्ये भरा. स्वच्छ, न फाटलेल्या, न दुमडलेल्या नोटा. बाहतमध्ये पण घेतात पण मग हिशोब त्यांच्या मर्जीचा असतो आणि तिथे वाद घालून काही मिळत नाही. पुलापासून बोटीच्या घाटापर्यंत परत टुकटुक, चार-पाच जण जमवून मगच बसा.

बोट. लांबलचक लाकडी बोट, वर छप्पर, बाजू उघड्या. सीट म्हणजे जुन्या व्हॅनमधून उचकटून आणलेल्या, लाकडी पट्ट्यांवर बसवलेल्या पण जमिनीला न ठोकलेल्या. मागच्याने गुडघा टेकवला की आपली अख्खी जोडी पुढे सरकते. इंजिन मागे, संडासही मागे, त्यामुळे मागच्या तिसऱ्या भागात जो बसला त्याचे कान दोन दिवसांसाठी गेले असं समजा. म्हणून नऊलाच घाटावर पोचा, बोट अकराच्या सुमाराला सुटली तरी. पहिला दिवस मी पुढे बसले, सहा-सात तास, ठीक गेला, लोक पत्ते खेळत होते, गावागावांत थांबून पोती आणि कोंबड्या चढत होत्या.

दुसरा दिवस मात्र लक्षात ठेवावा असा. पाक बेंगहून सकाळी निघताना बोट बदलली, आदल्या दिवशीपेक्षा लहान, आणि माणसं तेवढीच. उशिरा आलेले मागे इंजिनाच्या खोलीत पोत्यांवर बसले. सात-आठ तास. त्या दिवशी धूर इतका होता की डाव्या काठाने जाताना उजवा काठ दिसत नव्हता, फक्त एक पिवळट-राखाडी पडदा, आणि मार्चमध्ये पाणी उतरलेलं असतं त्यामुळे दोन्हीकडून काळे खडक वर आलेले, नावाडी ते चुकवत वळणं घेतोय. दुपारी नूडल्सचा कप उघडला तर वरून राखेचे काळे तुकडे येऊन त्यात पडायला लागले, पातळ, बोट लावलं की पूड. शेजारी एक म्हातारी लाओ बाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, ते पोर संपूर्ण दिवस खोकत होतं आणि ती ओल्या फडक्याने त्याचं नाक-तोंड पुसत होती. माझ्याकडे एन 95 जास्तीचे होते, मोठ्यांच्या मापाचे, त्याला बसेना. मला तो दिवस अजून डोक्यातून जात नाही. आपण सुट्टी घालवायला आलो आणि परत जाणार, ही माणसं दर वर्षी तीन महिने हेच श्वासात घेतात.

दमा, ॲलर्जी, काहीही असेल तर या महिन्यांत हा प्रवास करायचाच नाही. निरोगी असाल तरी कापडी मास्क चालणार नाही, एन 95 लागतो, आणि दोन दिवसांना दोन-चार तरी, कारण घामाने भिजतात. डोळ्यांसाठी ड्रॉप्स. खायला चिकट भात, उकडलेली अंडी, केळी हे घाटाजवळून घ्या, बोटीवर नूडल्स, वेफर्स आणि बिअरच्या पलीकडे काही मिळत नाही आणि त्याचेही दर बोटवाल्याचे. शाकाहारी असाल तर फिश सॉस कशात आहे हे विचारत बसण्यापेक्षा आपलं बरोबर ठेवा. गावठी लाओ-लाओ दारू कुणी फुकट ओतत असेल तर हात लावू नका. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये वांग व्हिएंगला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक मेले, हे गाव लुआंग प्रबांगच्या पुढे, परतीच्या ट्रेनच्या वाटेवर आहे.

पाक बेंग म्हणजे एकच चढाचा रस्ता आणि दोन्हीकडे गेस्ट हाऊस. बोट लागली की पोरं बॅगा उचलून पायऱ्या चढायला लागतात आणि वर गेल्यावर पैसे मागतात, म्हणून बॅग स्वतःच्या पाठीवरच ठेवा. पॅकेजची खोली घेऊ नका, तिथे जाऊन बघून घ्या, निम्म्यात मिळते.

आणि आता शेवटची लूट. बोट लुआंग प्रबांगला शहरात लागत नाही. शहराच्या अलीकडे दहाएक किलोमीटरवर एका घाटावर सगळ्यांना उतरवतात, तिथे चढ चढून गेलं की एक खिडकी आणि टुकटुकचं ठरलेलं तिकीट. नदी शहराला लागून वाहते, जुने घाट तिथे आहेत, तरी स्लो बोट तिथपर्यंत जात नाही. दिवसभर धुरात बसून आलेली माणसं अंधार पडताना काय वाद घालणार, मुकाट पैसे देतात. एजंटने 'शहराच्या मध्यात उतरवतात' असं सांगितलं होतं, शब्दशः. ठरलेलं तिकीट काढा आणि शेअर टुकटुकनेच जा, बाजूला घेऊन 'स्पेशल' म्हणणाऱ्याकडे बघूही नका.

त्या शेवटच्या घाटाच्या थोडं आधी, पाक ऊच्या गुहा यायच्या आधी, नदीत प्रचंड धरणाचं काम दिसतं. धुरातून क्रेन आणि काँक्रीट एकदम समोर आलं तेव्हा बोटीतली बडबड थांबली. लुआंग प्रबांग 1995 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि त्याच्या उशाशी 25 किलोमीटरवर हे. बोटीचा प्रवास पुढे काही वर्षांनी असाच राहील असं धरून चालू नका, ज्यांना करायचाय त्यांनी लवकर करा, फक्त योग्य महिन्यात.

लुआंग प्रबांगचे दिवस छान गेले. क्वांग सी धबधब्याचं पाणी मार्चमध्येही निळंशार असतं, देवळं सुंदर आहेत, त्याबद्दल लिहिणारे खूप आहेत. पहाटे भिक्खूंची रांग निघते तेव्हा लांबून बघा, तोंडासमोर फोन धरू नका, एवढंच.

नोकरीवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं आता. नॉन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर वर्षाचं एक्स्टेन्शन घेतलेलं असेल तर थायलंड सोडण्याआधी री-एंट्री परमिट, म्हणजे त्याच व्हिसावर परत आत यायची परवानगी, काढा. टीएम 8 फॉर्म, एक फोटो, एकदाच्या प्रवेशाला 1000 बाहत, अनेकदाच्या प्रवेशाला 3800. आपल्या प्रांताच्या इमिग्रेशन ऑफिसातून आधीच घ्या, सीमेवर मिळेल या भरवशावर राहू नका. ते नसेल आणि तुम्ही बाहेर पडलात तर एक्स्टेन्शन तिथेच संपतं, परत येताना भारतीय पासपोर्टवर आत घेतलं तरी टुरिस्ट म्हणून, म्हणजे शिकवायचा हक्क गेला आणि कागदपत्रं पहिल्यापासून. आमच्या इथल्या एका फिलिपिनो बाईचं असंच झालं, शाळेच्या ऑफिसने तिला 'काही लागत नाही' सांगितलं होतं, मे महिना तिचा धावपळीत आणि बिनपगारी गेला. शाळेचं ऑफिस काय सांगतं यावर जाऊ नका, इमिग्रेशनला स्वतः विचारा. परत आल्यावर टीएम 30 ची, म्हणजे घरमालकाने करायची पत्त्याची नोंद परत लागते का तेही तिथेच विचारा, आणि पत्त्याचा 90 दिवसांचा रिपोर्ट परत आलेल्या तारखेपासून नव्याने मोजायचा.

परतीला बोट नको, ट्रेन घ्या. चीन-लाओस रेल्वे डिसेंबर 2021 मध्ये सुरू झाली, लुआंग प्रबांग ते राजधानी व्हिएन्तियान दोन तासांच्या आसपास, एसी, स्वच्छ, वेळेवर. बोटीनंतर मला तर त्या ट्रेनमध्ये रडायचंच बाकी होतं इतकं बरं वाटलं. तिकीट ॲपवर थोडे दिवस आधी काढा, संपतात, आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर तसंच टाका. स्टेशन शहराबाहेर लांब आहे आणि विमानतळासारखी तपासणी असते, डिओ आणि डासांचे स्प्रे काढून घेतात, चाकू पण. व्हिएन्तियानहून बँकॉकची थेट रात्रीची गाडी 2024 च्या जुलैपासून चालू आहे, ती नाही मिळाली तर पूल ओलांडून थायलंडमधल्या नोंग खाईला या आणि तिथून बसा.

मार्च-एप्रिलचीच सुट्टी हातात असेल तर दक्षिणेला जा. लाओसच करायचं तर पाक्सेला उतरा आणि बोलावेन पठारावर कॉफीच्या मळ्यांत राहा, हजार मीटरच्या वर असल्याने हवा बरी, धबधबे आहेत. तिथून मेकाँगमधली सी फान डोन बेटं जवळ पडतात, ऊन कडक पण उत्तरेसारखा धूर नाही. एप्रिलच्या मध्यात लुआंग प्रबांगला लाओ नववर्ष असतं, तेव्हा खोल्यांचे दर चढतात आणि धूर असतोच, म्हणजे दोन्हीकडून मार. ऑक्टोबरमध्ये उलट, नदी भरलेली, डोंगर हिरवे, आणि भिक्खूंचा वर्षावास संपतो त्या पौर्णिमेच्या आसपास पोचलात तर दिव्यांच्या होड्यांचा उत्सव मिळतो. मी आताच ऑक्टोबरसाठी री-एंट्री परमिट अनेकदाचं काढून ठेवलंय, स्लो बोटीच्या तिकिटासाठी मात्र घाटावरच्या खिडकीवर जाणार, एजंटकडे नाही.