जेटीला बांधलेल्या कोट्यवधींच्या बोटी

गोव्यात मांडवीकाठच्या एका बोटी बांधणाऱ्या यार्डाच्या जेटीला सध्या पांढऱ्याशुभ्र मोटर यॉट, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या आलिशान बोटी, बांधून ठेवल्यात आणि येणारेजाणारे थांबून फोटो काढतायत, पण खरं सांगू का, आत गेलात तर श्रीमंती कुठे दिसतच नाही. सोफ्यांवर प्लॅस्टिक, फरशीवर पुठ्ठे, आणि हॉलमध्ये चक्क पाण्याने भरलेली पिंपं! मावसभाऊ तिथे फिटर आहे म्हणून आत शिरायला मिळालं. पिंपं कशाला विचारलं तर म्हणाला, अरे दादा, माणसं-सामान चढल्यावर जेवढं वजन होणार तेवढं आधीच चढवून बघायचं ना.

मला सगळ्यात भारी वाटली ती कलण्याची टेस्ट. मोजकी वजनं डेकच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सरकवतात आणि आत टांगलेला लोलक किती हलला ते बघतात, त्यावरून बोटीचा गुरुत्वमध्य किती उंचावर आहे ते काढतात. तेवढ्या वेळात दोर ढिले ठेवायचे, वारा नको, आणि टाक्या एकतर काठोकाठ भरलेल्या नाहीतर पूर्ण रिकाम्या, कारण आतलं पाणी डचमळलं की हिशोब बोंबलला. एवढी चकाचक बोट आणि तिची परीक्षा दोरीला टांगलेल्या वजनावर!

वेग बघायला बाहेर समुद्रात नेतात. एकदा प्रवाहाच्या दिशेने, एकदा उलट, मग सरासरी. पंचवीस नॉट म्हणजे ताशी 46 किलोमीटर, आपली स्कूटर जाते तेवढंच, पण हजार-हजार हॉर्सपॉवरची दोन इंजिनं फुल सोडली की तासाला साडेतीनशे लिटरच्या वर डिझेल जातं. शिवाय बरेच दिवस नदीत उभ्या बोटीच्या बुडाला आणि पंख्याला बार्नेकल, म्हणजे कडक कवचाचे छोटे समुद्री जीव, चिकटतात, वेग घसरतो आणि खापर इंजिनवाल्यावर, म्हणून आधी पाणबुड्या उतरवून सगळं खरवडून घेतात.

(याच नदीतल्या दिवाडी बेटावर 'म्हादेई' बांधली होती, 2009-10 मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे तिच्यातून एकटेच जगप्रदक्षिणा करून आले. शिडाची बोट होती ती. मला विचाराल तर तीच जास्त देखणी.)

पावसाळ्यात आग्वादला, नदीच्या तोंडाशी, वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटायला लागल्या की बाहेर पडायचं नाव नको, त्यामुळे यार्डात मेअखेरची घाई चाललीय आणि गिऱ्हाईक फोन करून सोफ्याचा रंग बदला म्हणतंय.