मागांचा आकडा थांबला तो दिवस

मे महिना, सोलापूरचं ऊन काय सांगायचं, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात आमचं पेनटेस्ट, म्हणजे सिस्टीमवर मुद्दाम हल्ला करून कच्चे दुवे शोधायचं काम, चाललेलं. तिथे एक छोटा सर्व्हर होता, सी मध्ये लिहिलेला, ३२ बिट, बराच जुना. कुठल्या मागावर किती टॉवेल निघाले ते नेटवर्कवरून गोळा करायचं एवढंच त्याचं काम, पण त्याच आकड्यावर कामगारांची नगावरची मजुरी निघते. हे मला पहिल्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं, मी ऐकलं आणि सोडून दिलं.

परवानगी होतीच. माग नंबरच्या जागी दोनशे अक्षरं पाठवली, कनेक्शन तुटलं, लॉगमध्ये स्टॅक स्मॅशिंगचा, म्हणजे स्टॅक ही फंक्शनची तात्पुरती मेमरी बिघडल्याचा मेसेज. म्हणजे ओव्हरफ्लो आहे, जागेपेक्षा जास्त डेटा शेजारच्या मेमरीत सांडतोय, आणि कॅनरीने तो पकडलाय. कॅनरी म्हणजे पहाऱ्याला ठेवलेला गुप्त आकडा, तो बदलला की प्रोग्राम तिथेच थांबतो. चेकसेक हे संरक्षणं दाखवणारं टूल लावलं तर एनएक्स (डेटाच्या जागेतला कोड चालू न देणं) चालू, पीआयई (प्रोग्रामचा स्वतःचा पत्ता बदलता ठेवणं) नाही, मशीनवर एएसएलआर (स्टॅक, लायब्ररी यांचे मेमरीतले पत्ते बदलते ठेवणं) चालू. १९९६ ला फ्रॅक या हॅकर मासिकात आलेली स्टॅकवर शेलकोड, म्हणजे हल्लेखोराचा कोड, टाकायची पद्धत एनएक्समुळे बाद, कारण स्टॅकवर टाकलेलं काही चालतच नाही. मग सोलर डिझायनर या टोपणनावाच्या सुरक्षा तज्ज्ञाने १९९७ ला दाखवलेलं रिटर्न-टू-लिबसी, आपला कोड न आणता मेमरीत आधीच असलेल्या लिबसी या सी च्या लायब्ररीतलं फंक्शन वापरायचं. पण त्याला लिबसीचा पत्ता पाहिजे आणि रिटर्न ॲड्रेसच्या (फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता) अलीकडे बसलेली कॅनरी जशीच्या तशी परत लिहिता आली पाहिजे.

माझ्या डोक्यात ब्रूट फोर्स, म्हणजे सगळ्या शक्यता एकेक करून लावून बघणं. सर्व्हर दर कनेक्शनला फोर्क करतो, म्हणजे स्वतःची एक प्रत, एक पोर, काढतो, पोराला कॅनरी बापाचीच मिळते. चार बाइट, त्यातला एक कायम शून्य, उरले तीन, एकेक बाइट ओळखत गेलं की बाइटला २५६ शक्यता धरून जास्तीत जास्त ७६८ प्रयत्न. चुकलं तर पोर मरेल, बापाला काय होतंय, असं मी धरून चाललो होतो.

तेवढ्यात शिफ्टचे अण्णा घाम पुसत आले, "साहेब, तुम्ही कायतर केलाव का? एकाबी मागाचा आकडा पुढं सरकंना."

माझ्या त्या एकाच क्रॅशने. सर्व्हर रीस्टार्ट केला, पण मधल्या वीस मिनिटांचा माल कुठेच नोंदला गेला नव्हता. अण्णा वही घेऊन मागामागाने फिरायला लागले आणि मी त्यांच्यासोबत, त्या खडखडाटात ते बोटांनी आकडा दाखवणार, मी लिहिणार. खूप वाईट वाटलं, कुणाच्या तरी त्या दिवसाच्या मजुरीत मी हात घातला होता.

नंतर प्रोग्रामची कॉपी लॅपटॉपवर व्हीएममध्ये, म्हणजे आभासी मशीनवर घेतली, हे आधीच करायला पाहिजे होतं. नीट वाचल्यावर कळलं, आकडे सगळ्या पोरांच्या सामायिक, शेअर्ड मेमरीत, त्यावर एक सेमाफोर, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक, आणि मेसेज वाचणारं फंक्शन तो सेमाफोर धरूनच चालतं. कॅनरी बिघडली की पोर तिथेच मरतं, लॉक हातात घेऊन, आणि मागून येणारी सगळी पोरं दारात थांबून राहतात. म्हणजे ७६८ सोडा, दुसरा प्रयत्नसुद्धा झाला नसता. एनएक्स, कॅनरी, एएसएलआर ही यादी सगळे बघतात, पण प्रोसेस मेली तर मागे काय अडकून राहतं हे कुठलंच टूल सांगत नाही आणि मला विचाराल तर टेक्निक निवडताना पहिला प्रश्न तोच.

मग मारायचं सोडून वाचायचं ठरवलं. सर्व्हर उत्तरात माग नंबर परत पाठवतो, आणि किती बाइट पाठवायचे ते क्लायंटने सांगितलेल्या लांबीवरून ठरवतो, २०१४ च्या हार्टब्लीड या गाजलेल्या त्रुटीसारखीच चूक. बफर ६४ बाइटचा, मी ११२ मागितले. हेक्समध्ये बघितलं, माझ्या अक्षरांच्या ओळी संपल्या आणि ००ने सुरू होणारे चार बाइट, तीच कॅनरी, पुढे रिटर्न ॲड्रेस, अजून पुढे लिबसीतला एक पत्ता. एकाच मेसेजमध्ये कॅनरी आणि एएसएलआर या दोन्ही कुलपांच्या किल्ल्या आणि एकही क्रॅश नाही. रिटर्न-टू-लिबसी व्हीएममध्ये पहिल्या झटक्यात चाललं, खऱ्या सर्व्हरवर फक्त लीक दाखवला, तोही मालकांसमोर.

रिपोर्टमध्ये लांबी तपासणं आणि पीआयई लावून परत कंपाइल करणं होतंच, पण सगळ्यात वर मी सेमाफोरला सेम अनडू हा पर्याय लावा असं लिहिलं, म्हणजे प्रोसेस मेली तरी ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल लॉक सोडवून देतो.

दुसऱ्या दिवशी वहीतले आकडे सिस्टीमला चढवायला बसलो तर सात नंबरच्या मागाचे दोन टॉवेल कमी येत होते. अण्णांनी पान उलटून परत बेरीज केली, गठ्ठा परत मोजायला लावला, आणि ते दोन सापडेपर्यंत मी तिथेच थांबलो.