ताम्हण: पहिल्या वर्षाची वही

जून, दुसरा आठवडा
रोप चार फुटांचं, बियांपासूनचं. जागेवरून मात्र घरात आधीच आठवडाभर खल चालला होता. आईला ताम्हण फाटकाशी हवा होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला जांभळे तुरे दिसावेत म्हणून. पण फाटकावरून विजेची तार जाते, आणि हे झाड सहज ४० फूट होतं. पश्चिमेच्या भिंतीलगत शोषखड्डा. उरला धुण्याच्या दगडापलीकडचा कोपरा: दिवसभर ऊन, घरापासून १५ फूट, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर. आईचं समाधान खिडकीने झालं.

वर काळी माती, खाली मुरूम. दोन फूट खड्डा काढून पाण्याने भरला, जिरू दिला, पुन्हा भरला. दुसऱ्या खेपेला पाच तासांत रिकामा झाला. निचऱ्याला तेवढं बास.

पिशवी फाडली तर मुळ्यांनी आत वेटोळं घातलेलं. ब्लेडने हुंडीला, म्हणजे मुळ्यांसकट मातीच्या गोळ्याला, चार उभ्या चिरा दिल्या. खड्ड्यात भरपूर शेणखत टाकलं आणि इथेच माझं चुकलं, ते कळलं दोन महिन्यांनी.

ऑगस्ट
पानं पिवळी. ताम्हण ओढ्याकाठचं झाड, त्याला पाण्याचं काय भय, म्हणून मी निवांत होतो. उकरून पाहिलं तर खत कुजून खाली बसलेलं, त्याबरोबर रोप तीन इंच खचलेलं, बुंधा चिखलात. त्यात पिशवीतही वरून दोन इंच माती जास्तीची होती, ती लावताना मी काढलीच नव्हती. उघडीप मिळताच अख्खी हुंडी पहारीने उचलली, खाली नुसती माती घालून दाबली, पहिली मुळी जिथे फुटते ती रेघ जमिनीच्या किंचित वर ठेवली. आता खत द्यायचं तर वरून, आळ्याच्या कडेला.

ऑक्टोबर
परतीचा पाऊस संपला. दर पाच दिवसांनी २० लिटर, सावकाश. रोज तांब्याभर घातलं की मुळ्या वरवर राहतात. उसाचं पाचट चार इंच पसरलं, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी. (तरी वाळवी आलीच. पाचट उलटंपालटं करत राहतो.) दोन काठ्या, जुन्या सुती साडीची पट्टी, इंग्रजी आठासारखी सैल. वाऱ्याने थोडं हलू दे, त्यानेच बुंधा भरतो.

जानेवारी
पानं तांबूस झाली, गळायला लागली. आई म्हणाली, "गेलं वाटतं." नखाने साल खरवडली; आत हिरवीगार. ताम्हण पानगळीचाच, पण खरं सांगायचं तर तोवर मलाही धाकधूक होती. पाणी कमी केलं, बंद नाही.

मार्चअखेर
कोवळी पालवी, तांबूस झाक. बुंध्यातून फुटलेले दोन फुटवे काढले.

मे
रस्त्याच्या वळणावरचा जुना ताम्हण महाराष्ट्र दिनाच्या सुमारास भरून फुलला, राज्यफुलाचा मान राखून. आमच्याकडे फूल नाही, आणि अजून काही वर्षं वाट पाहायची तयारी आहे. उंची सहा फूट. आळं आता चार फूट रुंद केलंय, कारण बारीक मुळ्या जुन्या आळ्याच्या कडेपर्यंत पोचल्यात. काठ्या पावसाळ्यानंतर काढेन.