बास्तोयची बोट
नॉर्वेत मॉसहून हॉर्टेनला मी रोज फेरीने कामावर जातो. अर्ध्या तासाचा प्रवास. वाटेत डाव्या हाताला ओस्लो फियॉर्डमधलं, म्हणजे तिथल्या खाडीतलं, एक हिरवंगार बेट दिसतं. पहिले काही महिने मला वाटायचं, श्रीमंतांच्या उन्हाळी घरांचं बेट असावं. मग ऑफिसातल्या एकाने सांगितलं, ते बास्तोय. तुरुंग आहे.

खुला तुरुंग. शंभराच्या वर कैदी, त्यात खुनाची शिक्षा भोगणारेही. बंद तुरुंगात बरीच वर्षं काढून शेवटच्या टप्प्यात इथे यायचं. लाकडी घरांत राहायचं, गायी-घोडे सांभाळायचे, लाकडं फोडायची. आणि हॉर्टेनहून बेटावर जाणारी बोटसुद्धा कैदीच चालवतात.

हे मी आईला फोनवर सांगितलं. आमचं गाव माणदेशातलं, आटपाडीजवळ.

"आरं, मग पळून न्हाईत का जात?"

एकजण गेला होता. २०१५ साली, सर्फबोर्डवर बसून, प्लॅस्टिकच्या फावड्याचं वल्हं करून! आई इतकी हसली की फोन वडलांनी घेतला. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, "यात नवल काय? आपल्याकडं स्वतंत्रपूर हाय की."

खरंच की. आटपाडीजवळची ती वसाहत मी शाळेच्या सहलीत पाहिली होती आणि विसरून गेलो होतो. १९३९ साली औंधच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियरच्या सांगण्यावरून ती काढली. भिंती नाहीत, कैदी शेती करणार, बायकामुलं सोबत. त्या काळात बास्तोयवर काय होतं? मुलांची सुधारशाळा. नाव सुधारशाळा, कारभार असा की १९१५ मध्ये पोरांनी बंड केलं आणि ते मोडायला लष्कर पाठवावं लागलं. शाळा बंद झाली थेट १९७० मध्ये. तेव्हा नॉर्वेजियन माणसं जन्मजात दयाळू वगैरे समजायचं काही कारण नाही.

आमच्या इमारतीत एक निवृत्त तुरुंग-कर्मचारी राहतात. त्यांच्याकडे कॉफी प्यायला गेलो की मी नोकरीचे किस्से उकरून काढतो. इथे या नोकरीसाठी दोन वर्षांचं शिक्षण घ्यावं लागतं. प्रत्येक कैद्यामागे एक ठरलेला कर्मचारी असतो. त्याची कागदपत्रं, घर, नोकरी, सगळ्याचा पाठपुरावा तो करतो. कैद्यांना मतदानही करता येतं. स्वातंत्र्य हिरावलं जाणं हीच शिक्षा, त्यावर आणखी काही लादायचं नाही, असा इथला नियम. जेवण बेचव, अंथरूण ढेकणांचं, हे न्यायाधीशाने सुनावलेलं नसतं, असं ते म्हणाले. मला येरवडा आठवला. क्षमतेच्या दुपटीहून जास्त माणसं कोंबलेली. आणि आपल्या देशात तुरुंगातल्या दर चौघांत साधारण तिघे कच्चे कैदी, म्हणजे ज्यांना अजून शिक्षाच झालेली नाही असे.

इथलं सगळंच गोड नाही. बंद तुरुंगांत कैद्यांना दिवसाचे बावीस-बावीस तास एकटं कोंडून ठेवतात, यावर इथल्या लोकपालाने २०१९ मध्ये संसदेला खास अहवाल दिला. तो विषय काढला तर शेजारी गप्प झाले. म्हणाले, "माणसं कमी पडली की पहिलं काय होतं? दार बंद." ७७ जणांचा जीव घेणाऱ्या ब्रेविकने एकांतवासाविरुद्ध सरकारवर खटला भरला आणि २०१६ मध्ये खालच्या कोर्टात काही अंशी जिंकला. वरच्या कोर्टाने नंतर निकाल फिरवला, पण तो जिंकला त्या दिवशी आमच्या कॅन्टीनमध्ये कुणी नीट जेवलं नव्हतं. चिडले सगळेच, पण त्याला कोर्टात जाऊ द्यायलाच नको होतं, असं कुणी म्हणालं नाही.

गेल्या शनिवारी मुद्दाम त्या छोट्या बोटीच्या धक्क्यावर गेलो. एक बाई उभी होती, हातात केकचा डबा, सोबत चार-पाच वर्षांची मुलगी. बोट लागली. पिवळं जाकीट घातलेल्या माणसाने दोर खुंट्याला गुंडाळला आणि मुलीला पाय कुठे टाकायचा ते दाखवलं. ती बाई त्याच्याशी हवापाण्याचं काहीतरी बोलली. तो कैदी होता की नोकरदार, मला कळलं नाही. मुलीने केकचा डबा त्याच्याकडे धरायला दिला आणि उडी मारून आत गेली.